स्वभावाला औषध नाही म्हणे!

गेल्या कोजागिरीच्या रात्री आमच्या मंडळाच्या गच्चीवर मसाल्याचे दूध आटत असताना, लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी, त्या दिवशी गैरहजर असलेल्या एका भगिनीविषयी पुढील अभिप्राय दिला : "बाई मोठी हुशार, कामाला वाघ, पण दुसरे मूल झाल्यापासून स्वभाव पार बिघडला. महिन्यातले आठ दिवस त्या घरात कोणाची तोंड उघडायची सोय नाही. आता स्वभावाला का कुठे औषध असते?" सगळे हसले. आम्ही त्या हसण्यात सामील नव्हतो असे येथे लिहिता आले असते तर बरे झाले असते. पण आम्हीही हसलो. घरी परतताना मात्र त्या वाक्यातले तीन शब्द मनात सलू लागले. महिन्यातले आठ दिवस! जो स्वभाव महिन्यातले आठच दिवस बिघडतो आणि उरलेले बावीस दिवस ठिकाणावर असतो, त्याला स्वभाव कसे म्हणावे? ज्यांनी हयातभर दुसऱ्यांच्या वह्यांतील आवर्ती खर्च लाल शाईने अधोरेखित केला, त्यांच्या नजरेला एवढे ढळढळीत आवर्तन दिसू नये, याचे आम्हांला नवल वाटले. मग लक्षात आले की, आमच्या स्वतःच्या घरातले तेच आवर्तन दिसायला आम्हांलाही सहा वर्षे लागली होती.

ज्या दुखण्याविषयी आम्ही लिहीत आहोत त्याला मराठीत रुळलेले नाव नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पाळीला आमच्या भाषेत नावांची वाण नाही. अडचण आहे, बाहेरची होणे आहे, दूर बसणे आहे, कावळा शिवणे आहे. त्या चार दिवसांचा विटाळ आमच्या समाजाने तासांच्या हिशेबाने मोजला, त्यात नकळत घडलेल्या दोषांच्या परिहारासाठी भाद्रपदात ऋषिपंचमीचे व्रत सांगितले, बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य केले. परंतु त्या चार दिवसांच्या आधीचे जे आठ-दहा दिवस, त्यांची कोणी दखल घेतली नाही. कारण उघड आहे. चार दिवसांची शिवाशिव इतरांना बाधत असे; आधीचे दहा दिवस ज्या बाईला बाधत, तिचे तिलाच. आणि नाव नसल्यामुळे त्या दिवसांत जे काही घडते ते दुखण्याच्या खाती न पडता बाईच्या खाती पडते. ती चिडखोर ठरते, रडवी ठरते, संसारात मन नसलेली ठरते.

आमचीच हकिकत सांगतो. लग्नापूर्वी पाळीच्या आदल्या दिवशी डोके जड होई, यापलीकडे आम्हांला काही ठाऊक नव्हते. पहिल्या मुलाचे अंगावरचे दूध सुटले, पाळी पुन्हा सुरू झाली, आणि त्या एका दिवसाचे चार दिवस झाले. दुसऱ्या मुलानंतर चाराचे दहा झाले. त्या वेळी आमची बदली गुवाहाटीस झालेली. यजमान दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या राज्यात. घरी सहा वर्षांचा एक आणि दोन वर्षांची एक. छाती दुखरी होई, अंगावर सूज आल्यासारखे वाटे, पहाटे तीनला जी जाग येई ती येईच. हे सारे सोसता आले असते. पण कुकरची शिट्टी कानात खिळ्यासारखी शिरे, मुलाचा पाण्याचा पेला कलंडला की आपल्याच तोंडून आपल्याला न ओळखू येणारा आवाज निघे, आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडत बसावे लागे. एकदा तर, आपण या घरात नसतो तर या पोरांचे बरे झाले असते, असा विचार अगदी शांतपणे, हिशेब मांडल्यासारखा, मनात येऊन उभा राहिला. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सारे मळभ एकाएकी निघून जाई. इतके की, कालची ती बाई कोण होती असा प्रश्न पडे. आणि अठरा दिवसांनी ती पुन्हा दारात उभी!

आम्ही तेथील एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर न काढता विचारले, "मुले किती?" दोन, असे सांगताच त्या हसल्या. मूल झाले की हे त्रास थांबतात, तुमचे वाढले कसे, असे त्यांनी विचारले. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मन कशात तरी गुंतवण्याचा सल्ला दिला. दोन मुले आणि अठरा माणसांचा कक्ष सांभाळणाऱ्या बाईने मन आणखी कशात गुंतवावे, हे त्यांनी लिहून दिले नाही.

'मूल झाले की थांबते' हे वाक्य आम्ही त्यानंतर आईकडून ऐकले, सासूबाईंकडून ऐकले, शेजारच्या बंगाली काकूंकडूनही ऐकले. एखादे वाक्य इतक्या भाषांत सारखे ऐकू येते तेव्हा त्यात काही तरी तथ्य असते, आणि येथेही आहे. पण ते निम्मेच आहे. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात ज्या कळा येतात, त्या पहिल्या बाळंतपणानंतर पुष्कळ जणींच्या खरोखरच कमी होतात. आमच्याही झाल्या. पण पाळीच्या आधी शरीर आणि मन यांना जे ग्रासते ते निराळे दुखणे आहे. त्याचा कळांशी संबंध नाही, आणि बाळंतपणाने ते जाते असे मानण्यास आधार नाही. उलट या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे येणाऱ्या स्त्रिया बहुधा तिशीच्या, पस्तिशीच्या, मुलाबाळांच्या असतात. आणि 'मुले झाल्यापासून वाढले' हे त्यांच्या तोंडचे नेहमीचे वाक्य असते. दोन दुखण्यांना एकच औषध सांगणारी म्हण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि जिला ते औषध लागू पडले नाही ती खोटी ठरली.

हे पाश्चात्त्यांचे नवे फॅड आहे असे म्हणणारांसाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. न्यूयॉर्कचे रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ साली या पाळीपूर्व ताणाचे वर्णन वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केले. १९५३ साली इंग्लंडात कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी त्याला आज रूढ असलेले नाव दिले. डाल्टनबाईंना हे सुचले कसे? स्वतःची दरमहाची अर्धशिशी गरोदरपणात नाहीशी झाली, हे त्यांच्या ध्यानात आले म्हणून. त्यांनी सुचवलेला प्रोजेस्टेरॉनचा उपाय पुढच्या चाचण्यांत टिकला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण दुखणे टिकले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याच्या तीव्र प्रकाराला नैराश्याच्या विकारांत स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिने तोच विकार मुख्यतः स्त्रीरोगांत घातला आणि नैराश्याच्या यादीत त्याचा नुसता हवाला दिला. फाईल कोणत्या खात्याची याविषयी मतभेद आहे; फाईल आहे याविषयी नाही. हा तीव्र प्रकार पाळी येणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी साधारण दोन ते सहा जणींना असतो, आणि सौम्य प्रकार त्याहून पुष्कळच अधिक जणींना. भावनगरच्या महाविद्यालयीन विद्यार्थिनींची एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तीत शंभरांत सुमारे अठरा मुलींना सौम्य प्रकार आणि सुमारे चौघींना तीव्र प्रकार आढळला. येथे एक गोष्ट आम्ही नमूद करून ठेवतो. अशा पाहण्या बहुधा विद्यार्थिनींच्याच होतात, कारण त्या वर्गात ओळीने बसलेल्या सापडतात. दोन मुलांची आई ओळीने बसलेली कुठे सापडणार?

'मनाचे खेळ' या आरोपाचे उत्तर १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी दिले, आणि ते आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी हा त्रास असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रियांची बीजकोशांची क्रिया औषधाने काही काळ थांबवली. त्रास असलेल्यांपैकी पुष्कळ जणींचा त्रास थांबला. नंतर त्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके नेहमीच्या प्रमाणात परत दिली, तेव्हा त्यांचा त्रास परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना तीच संप्रेरके देऊनही काही झाले नाही. म्हणजे या स्त्रियांच्या रक्तात काही कमी-अधिक नसते. चारचौघींसारख्याच चढउतारांना त्यांचा मेंदू निराळे उत्तर देतो. रक्ताची तपासणी करून 'सगळे ठीक आहे' असे सांगणारे डॉक्टर खोटे बोलत नाहीत. ते भलतीकडे पाहतात एवढेच.

मग मुले झाल्यावर हे वाढावे का? एकच कारण नाही. गरोदरपण आणि अंगावर पाजणे यांमुळे थांबलेले चक्र पुन्हा सुरू होते, ते वाढत्या वयाच्या शरीरात. बाळंतपणानंतरचे नैराश्य ज्यांना येऊन गेले त्यांच्यात हा त्रास अधिक आढळतो. आणि वर्षानुवर्षे सलग झोप नसते. कित्येक भगिनी संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेला दोष देतात, 'ऑपरेशन झाल्यापासून' असे म्हणतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत त्या शस्त्रक्रियेने पाळीच्या तक्रारी वाढल्याचे दिसले नाही. मात्र जी बाई त्याआधी गोळ्या घेत होती, तिचे गोळ्यांनी दबलेले चक्र शस्त्रक्रियेनंतर उघडे पडते, हे खरे. पण आमच्या मते सर्वांत मोठे कारण यांपैकी एकही नाही. अविवाहित मुलीला त्या दिवसांत दार लोटून घेता येते. डोक्यावरून पांघरूण ओढून पडून राहता येते, जेवायचे नाही म्हणता येते. आईला दार लोटता येत नाही. त्यातून बदलीच्या गावी, जेथे ना आई, ना जाऊ, ना 'जा तू, मी बघते पोरांकडे' म्हणणारी मावशी, तेथे दुखणे होते तेवढेच राहिले तरी सोसण्याची जागा संपते. परमुलखातल्या सरकारी वसाहतीत ज्यांनी संसार केला आहे त्यांना हे अधिक फोडून सांगायला नको.

येथे हटकून कोणी तरी म्हणते, "आमच्या आजीच्या वेळी नव्हते बुवा असले काही." खरेच कमी असावे, पण कारण आजीचे मनोधैर्य नव्हे. आठ बाळंतपणे आणि प्रत्येक मूल दोन-दोन वर्षे अंगावर, असे जिचे आयुष्य गेले, तिला उभ्या जन्मात पाळी आली किती वेळा? आफ्रिकेतील मालीमधल्या डोगोन स्त्रियांचा असा हिशेब बेव्हर्ली स्ट्रासमन या बाईंनी मांडला आहे, तो सुमारे शंभराच्या घरात जातो. दोन मुलांवर थांबणाऱ्या आजच्या बाईच्या वाट्याला त्याच्या तिप्पट-चौपट पाळ्या येतात. जे आजीला शंभर वेळा सोसावे लागले ते नातीने चारशे वेळा सोसायचे आणि वर आजीचे उदाहरण ऐकायचे! आणि आजी तरी सोसताना गप्प होती, की कोणी विचारले नव्हते?

सर्वांत धूर्त आक्षेप निराळाच आहे, आणि तो आमच्या अधिकारीवर्गात हळू आवाजात काढला जातो. स्त्रिया दर महिन्याला अशा होत असतील तर त्यांना जबाबदारीच्या जागा द्याव्यात कशा? आम्ही विचारतो, कोणत्याही कचेरीच्या व्हरांड्यात सकाळी पहिला प्रश्न कोणता असतो? "साहेबांचा मूड कसा आहे?" स्टुलावर बसलेला शिपाई त्याचे उत्तर देतो आणि त्यानुसार फाईली आत जातात किंवा थांबतात. साहेबांच्या त्या मूडला आवर्तन नाही, आधी सूचना नाही, पाळीच्या दुसऱ्या दिवशी तो निवळतही नाही. तरी त्यावरून पुरुषांच्या पात्रतेविषयी कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही. त्या दहा दिवसांतही आम्ही विधानमंडळाच्या प्रश्नांची उत्तरे वेळेवर पाठवली आहेत. फरक इतकाच की, ती पाठवण्यासाठी किती बळ खर्ची पडले हे घरी गेल्यावर मुलांना कळले.

आणि याच आक्षेपाचे घरगुती भावंड म्हणजे ते कुप्रसिद्ध वाक्य : "तुझे ते दिवस जवळ आले वाटतं!" हे वाक्य सहानुभूतीने उच्चारलेले आम्ही तरी कधी ऐकलेले नाही. ते वाद मिटवण्यासाठी उच्चारले जाते. बाई म्हणते, चार दिवस झाले, शाळेची फी भरायची राहिली आहे. आणि उत्तर मिळते तारखेचे. त्या दिवसांत रागाची मात्रा वाढते हे आम्ही मान्य करतो. रागाचे कारण मात्र बहुधा खरेच असते, एवीतेवी बावीस दिवस गिळलेले असते. दुखणे मानायचे नाही, पण वादात हत्यार म्हणून वापरायचे, हा दुटप्पीपणा सुशिक्षित घरांत अधिक चालतो; कारण अशिक्षित घरात निदान ते शास्त्र कोणाला ठाऊक नसते.

शासकीय सेवेत वार्षिक अहवालातील प्रतिकूल शेरा तेवढा पूर्वी सेवकाला कळवला जाई; बाकीच्या नोंदी गुप्त राहत. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त यांच्या खटल्यात निर्णय दिला की, प्रत्येक नोंद संबंधित सेवकाला कळवली पाहिजे आणि त्याला त्यावर म्हणणे मांडू दिले पाहिजे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी या निर्णयाचा लाभ घेतला असेल. त्याच वाचकांच्या घरात मात्र एका व्यक्तीच्या सेवापुस्तकात 'स्वभाव तापट, मुले झाल्यापासून अधिक' हा शेरा वर्षानुवर्षे पडून आहे. तो तिला कळवलेला नाही, त्यावर तिचे म्हणणे मागवलेले नाही, आणि तो ज्या दिवसांत लिहिला गेला त्या दिवसांची नोंद कोणी तपासलेली नाही.

ती नोंद हेच निदानाचे मुख्य साधन आहे. या विकाराला रक्ताची चाचणी नाही, यंत्रातून काढायचे चित्र नाही. निदान दोन महिने रोजच्या रोज चार शब्द लिहायचे : झोप, चिडचिड, रडू, अंगदुखी, किती, आणि पाळीचा कितवा दिवस. दिवाळीनंतर मुंबईहून जे कालनिर्णय आपल्याकडे येते, त्यावर आपण दुधाचा हिशेब, गॅसची तारीख आणि मोलकरणीचे खाडे लिहीत नाही काय? आम्ही त्याच चौकटींत निळ्या पेन्सिलीने ठिपके काढले. तिसऱ्या महिन्याचे पान उलटले तेव्हा यजमान ते भिंतीवरून काढून खिडकीपाशी घेऊन गेले आणि बराच वेळ पाहत राहिले. सहा वर्षांच्या भांडणांत आम्हांला जे सांगता आले नव्हते, ते ठिपक्यांनी सांगितले. आणि ठिपके जर पाळीनंतरही थांबले नाहीत, महिनाभर पसरलेले दिसले, तर दुखणे दुसरेच असू शकते : नुसते नैराश्य, थायरॉइड, पंडुरोग. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांतील ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले, हे विसरून चालणार नाही. तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंच्या लोहाच्या गोळ्या अगदीच चुकीच्या नव्हत्या. चूक होती ती हसण्यात.

औषध आहे. म्हण काहीही म्हणो. सौम्य प्रकारात नियमित व्यायाम, झोपेची शिस्त यांनी फरक पडतो. रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांना तिसऱ्या महिन्यापर्यंत बराच उतार पडल्याचे १९९८ सालच्या एका अमेरिकन चाचणीत दिसले. तीव्र प्रकारात नैराश्यावरची सिरोटोनिनशी संबंधित औषधे उपयोगी पडतात, आणि ती येथे निराळ्या रीतीने काम करतात : नैराश्यात ज्यांना काही आठवडे लागतात, त्यांचा गुण या विकारात थोड्याच दिवसांत येतो, म्हणून पुष्कळ जणींना ती महिन्यातील शेवटचे पंधरा दिवसच घेतली तरी पुरतात. काही विशिष्ट गर्भनिरोधक गोळ्यांचाही उपयोग होतो. कोणते औषध कोणाला, हे डॉक्टरच ठरवतील. पण "वेड्यांच्या गोळ्या घरात नकोत" असे म्हणून जे यजमान किंवा ज्या सासूबाई वाट अडवतात, त्यांनी आधी स्वतःची रक्तदाबाची गोळी बंद करून दाखवावी. तीव्र विकारात जीव देण्याचे विचार येतात. ते थाप नसते, धमकीही नसते. गुवाहाटीच्या त्या रात्री आम्ही कोणाला फोन केला नाही, कारण मराठीत कोणाला सांगावे हे कळेना. २०२२ साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशात कोठूनही लागतो, आणि त्यावर मराठीतही बोलता येते. परमुलखात राहणाऱ्यांनी तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

रजेचा प्रश्न आम्ही मुद्दामच मागे ठेवला आहे. बिहार शासन १९९२ पासून आपल्या स्त्री सेवकांना महिन्यातून दोन दिवसांची विशेष रजा देते. ते चांगलेच आहे. पण रजा मिळते पाळीसाठी, आणि आमच्यासारखींचे वाईट दिवस पाळी आली की संपतात. शासनानेही शेवटी चार दिवसच मोजले.

आता मूळ मुद्द्याकडे. आमच्या मंडळाच्या आरोग्य व्याख्यानमालेत गेल्या पाच वर्षांत मधुमेह झाला, हृदयविकार झाला, गुडघे झाले, प्रोस्टेट ग्रंथीसुद्धा झाली, आणि तिच्यासाठी सभागृह भरले होते. कोजागिरीनंतरच्या बैठकीत आम्ही या विषयावर एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे व्याख्यान ठेवावे असे सुचवले. तेव्हा 'विषय नाजूक आहे, हळदीकुंकवाच्या वेळी फक्त भगिनींसाठी पाहू' असे उत्तर मिळाले. फक्त भगिनींसाठी! जिला दुखते तिला ते ठाऊक आहे; ज्यांनी ऐकायचे ते नेमके दाराबाहेर. म्हणून आम्ही मागणी लेखी दिली आहे : व्याख्यान गणेशोत्सवात, मुख्य मंडपात, सायंकाळी सात वाजता, सहकुटुंब. पत्राची पोच मिळाली आहे. लेखापरीक्षण खात्यातील त्या गृहस्थांनी, ते यंदा कार्यकारिणीवर आहेत, 'चर्चा करावी' असा शेरा मारून कागद पुढे पाठवला आहे. तो आता खजिनदारांकडे आहे.